पावसाच्या जाळीबद्ध माहितीसाठी पायथनमधून फोरट्रान बोलावणे: वेग नेमका कुठे मिळतो?

मृद्गंध

नमस्कार. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून मिळणारी दैनिक पर्जन्याची पाव अंशाची जाळीबद्ध माहिती मी वापरत आहे. या जाळीत १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश, म्हणजे एकूण १७,४१५ बिंदू आहेत आणि १९०१ ते २०२० या काळाचे ४३,८३० दिवस होतात. त्यामुळे एकूण आकडे ७६ कोटींच्या पुढे जातात आणि चार बाइटांच्या दशांश संख्यांत साठवले तरी त्यांना सुमारे ३ जीबी जागा लागते.

प्रत्येक बिंदूसाठी मला दोन गोष्टी काढायच्या आहेत. पहिली म्हणजे पूर्वपर्जन्य निर्देशांक, ज्यात आजची किंमत म्हणजे कालच्या किमतीचा ठरावीक अंश अधिक आजचा पाऊस. दुसरी म्हणजे मातीतील ओलाव्याचा साधा हिशेब. त्यात पाऊस जमा होतो, बाष्पीभवन आणि निचरा वजा होतो आणि निचऱ्याचा वेग ओलाव्यावर अरेषीय पद्धतीने अवलंबून असतो. मुसळधार पावसाच्या दिवशी गणित अस्थिर होऊ नये म्हणून त्या दिवसाचे आणखी लहान तुकडे पाडावे लागतात आणि किती तुकडे पाडायचे ते त्या बिंदूच्या त्या क्षणीच्या ओलाव्यावरून ठरते.

हे सर्व मी पायथनच्या साध्या लूपमध्ये लिहिले असून रात्रभर संगणक चालवूनही काम पुरे होत नाही. ओलाव्याच्या हिशेबाची एक जुनी, पडताळलेली सबरूटीन (स्वतंत्रपणे बोलावता येणारा कार्यक्रमाचा तुकडा) माझ्याजवळ आहे, ती फोरट्रान या जुन्या गणिती भाषेत लिहिलेली आहे. ती एका केंद्राची दैनिक मालिका घेते आणि ओलाव्याची मालिका परत देते. ती पायथनमधून बोलवावी, सायथनमध्ये, म्हणजे सी भाषेत रूपांतर होणाऱ्या पायथनसारख्या बोलीत, नव्याने लिहावी की सगळेच फोरट्रानमध्ये न्यावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

गणकचूडामणी

फोरट्रानकडे वळण्यापूर्वी दोन्ही गणिते वेगळी करून पाहावीत, कारण त्यांची जातकुळी वेगळी आहे.

पूर्वपर्जन्य निर्देशांकात आजची किंमत कालच्या किमतीवर अवलंबून असल्यामुळे दिवसांचा लूप टाळता येत नाही, हे खरे. परंतु एका बिंदूचा दुसऱ्या बिंदूशी काहीही संबंध नाही. तुमच्या लूपमध्ये बाहेर बिंदू आणि आत दिवस असणार, असा माझा अंदाज आहे. तो उलटा करा: बाहेर दिवस ठेवा आणि आतले १७,४१५ बिंदू नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या एकाच अ‍ॅरेवर (आकड्यांच्या सलग मांडणीवर) एकदम हाताळा. मग पायथनचा लूप ७६ कोटींऐवजी ४३,८३० वेळा फिरेल आणि प्रत्येक फेरीत एक गुणाकार आणि एक बेरीज नमपायच्या आत, म्हणजे सी भाषेत होईल. हे काम काही सेकंदांत संपावे आणि त्यासाठी नवी भाषा आणण्याची गरज नाही.

यात एक मुद्दा दडलेला आहे. नमपाय वापरताना आपण एका भाषेतून दुसरीला बोलावतच असतो. प्रत्येक वेळी सीमा ओलांडण्याचा एक ठरलेला खर्च असतो: वस्तूचा प्रकार तपासणे, आकार तपासणे, उत्तरासाठी जागा घेणे. साधारणपणे हा खर्च मायक्रोसेकंदाच्या आसपास असतो. एका आकड्यासाठी तो भरला तर पलीकडची भाषा कितीही वेगवान असली तरी हाती काही लागत नाही. सतरा हजार आकड्यांसाठी एकदाच भरला तर तो जाणवतही नाही. जकात नाक्यावर एकेक कांदा घेऊन रांगेत उभे राहणारा आणि भरलेला ट्रक आणणारा, यांच्यात जो फरक असेल तोच इथे आहे.

मृद्गंध

लूप उलटा केल्यावर निर्देशांकाचा प्रश्न खरोखर सेकंदांत सुटला. आभारी आहे.

ओलाव्याला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. एकाच दिवशी चेरापुंजीजवळच्या बिंदूला चाळीस तुकडे लागू शकतात आणि जैसलमेरजवळच्या बिंदूला एकच पुरतो. सर्वांना चाळीस तुकडे लावले तर काम विनाकारण वाढते आणि अटी लावून निवडक बिंदू हाताळू लागलो तर तात्पुरत्या अ‍ॅरेंचा ढीग होतो. इथे मात्र दुसऱ्या भाषेची गरज आहे, असे वाटते.

तळटीप

होय, तुमची समस्या नेमकी त्या प्रकारची आहे.

ही वाट नवी नाही, हे आधी सांगतो. आयबीएम ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस यांच्या चमूने केलेला फोरट्रानचा कम्पायलर (कोडचा यंत्रसंकेत करणारा कार्यक्रम) १९५७ साली बाहेर आला. रेषीय बीजगणिताच्या पायाभूत क्रियांचा ब्लास हा संच १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर उभारलेली लॅपॅक लायब्ररी १९९२ मध्ये आली. आज नमपायमध्ये आपण मॅट्रिक्सचे समीकरण सोडवतो तेव्हा अखेर लॅपॅकच्याच रूटीनला साद जाते. पायथनचा वैज्ञानिक गणनेत जम बसला त्यामागे ती ही जुनी भांडारे सहज उघडू शकली, हे मोठे कारण आहे. एस्टोनियाचे पेआरू पीटरसन यांनी तयार केलेले एफटूपाय हे साधन त्याच गरजेतून आले आणि आज ते नमपायबरोबरच मिळते.

तुमच्यासमोरचे पर्याय मला असे दिसतात. एफटूपाय तुमची सबरूटीन वाचून पायथनला समजेल असे मॉड्यूल स्वतः तयार करते. त्यासाठी कोणता आर्ग्युमेंट (हाकेसोबत दिलेले चल) आत जाणारा आणि कोणता बाहेर येणारा, हे फोरट्रानच्या इंटेंट या शब्दाने स्पष्ट सांगितलेले असावे. अ‍ॅरेची लांबी सांगणारा आर्ग्युमेंट ते स्वतःच भरते, त्यामुळे पायथनच्या बाजूने बोलावणे सुटसुटीत होते.

दुसरा मार्ग फोरट्रान २००३ पासून प्रमाणित झालेल्या सी-जोडणीचा आहे. सबरूटीनवर बाइंड-सी लिहायचे, प्रकार आयसो-सी-बाइंडिंग मॉड्यूलमधून घ्यायचे, तिची शेअर्ड लायब्ररी (चालू कार्यक्रमाला जोडता येणारी फाइल) करायची आणि पायथनच्या सीटाइप्स या अंगभूत मॉड्यूलने ती उघडायची. यात नावामागे कम्पायलरने चिकटवलेल्या अंडरस्कोअरचा घोळ राहत नाही. परंतु सीटाइप्स तुमच्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवते. फंक्शनच्या परताव्याचा प्रकार सांगितला नाही तर ते तो पूर्णांक समजते. फंक्शन दशांश संख्या परत देत असेल तर हाती निरर्थक पूर्णांक येतो आणि पॉइंटर परत देत असेल तर ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो. यातल्या पहिल्या प्रकारात काहीही कोसळत नाही, फक्त उत्तर चुकते, म्हणून तोच अधिक वाईट.

सायथनचा विचार मी तुमच्यासाठी करणार नाही. हाती पडताळलेले फोरट्रान असताना ते तिसऱ्या बोलीत पुन्हा लिहिण्यात चुकांनाच आमंत्रण आहे.

रेवा

थोडा विरोधी सूर लावते. सबरूटीन दोन-तीनशे ओळींची असेल तर नंबाचा, म्हणजे पायथनचे फंक्शन आयत्या वेळी कम्पायल करणाऱ्या साधनाचा, विचार का नको? पायथनचा जो लूप तुम्ही आधीच लिहिला आहे, त्याच फंक्शनवर डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची एक ओळ) लावला की एलएलव्हीएम या कम्पायलर-संचाच्या साहाय्याने त्याचा यंत्रसंकेत तयार होतो. पहिल्या हाकेला कम्पायल होण्याचा वेळ जातो, पण तो साठवूनही ठेवता येतो. कम्पायलर बसवण्याची कटकट नाही आणि विंडोजवर काम करणाऱ्या सहकाऱ्यालाही तेच चालते. शुद्ध संख्यात्मक लूपसाठी त्याचा वेग फोरट्रानच्या पंगतीत बसतो, असा माझा अनुभव आहे.

तळटीप

कोरी पाटी असती तर मीही नंबाच सुचवले असते. पण इथे सबरूटीन पडताळलेली आहे आणि तिच्या निकालांवर आधीचे काम उभे आहे, हे माझ्या लेखी निर्णायक ठरते. शिवाय दोन्ही करता येते: तुमच्या नंबा-आवृत्तीची उत्तरे फोरट्रानशी ताडून पाहणे ही दोघांचीही उत्तम परीक्षा होईल.

कोकणकडा

कोणते साधन वापरावे यावर चर्चा रंगते, पण माझ्या मते निम्मा वेळ जातो तो मेमरीच्या मांडणीत. त्याबद्दल सविस्तर लिहितो.

सी आणि नमपाय यांच्यात अ‍ॅरेचा शेवटचा निर्देशांक सर्वांत जलद बदलतो, तर फोरट्रानमध्ये पहिला. हवामान विभागाच्या फायलीत एका दिवसाचा संपूर्ण नकाशा, त्यामागे दुसऱ्या दिवसाचा, अशी रचना आहे आणि नकाशाच्या आत रेखांश सर्वांत जलद बदलतो. नमपायमध्ये तुम्ही ती दिवस, अक्षांश, रेखांश अशा आकारात वाचता. तोच मेमरीचा तुकडा फोरट्रानच्या नजरेने रेखांश, अक्षांश, दिवस असा दिसतो. म्हणजे नमपायमध्ये त्याचा ट्रान्सपोज (निर्देशांकांचा क्रम उलटलेले रूप) घेतला तर एकही बाइट न हलवता तो फोरट्रानच्या मांडणीत बसतो, कारण ट्रान्सपोज केवळ पाहण्याची दिशा बदलतो.

हे न करता मूळ अ‍ॅरे तसाच एफटूपायच्या फंक्शनला दिला तर ते तक्रार करत नाही. गुपचूप फोरट्रानच्या मांडणीतील संपूर्ण प्रत तयार करते आणि ती पुढे पाठवते. तुमचा अ‍ॅरे चार बाइटांचा आणि सबरूटीनमध्ये डबल प्रिसिजन जाहीर केलेले असेल, तर प्रत आठ बाइटांची होते. म्हणजे मूळ ३ जीबी, प्रत ६ जीबी आणि उत्तराचे आणखी ६ जीबी. सोळा जीबीचे यंत्र तिथेच धापा टाकू लागते आणि आपल्याला वाटते की फोरट्रान मंद आहे. मॉड्यूल बांधताना एफटूपायचा रिपोर्ट-ऑन-अ‍ॅरे-कॉपी हा मॅक्रो सुरू ठेवला तर प्रत झाली की तिचा आकार छापला जातो. नवीन मॉड्यूलसाठी मी तो प्रथम सुरूच ठेवतो.

पण प्रत टाळली की झाले, असेही नाही. तुमची सबरूटीन एका बिंदूची सलग मालिका मागते. मूळ मांडणीत एका बिंदूचा आजचा आकडा आणि उद्याचा आकडा यांच्यात पूर्ण नकाशाचे अंतर आहे, म्हणजे १७,४१५ गुणिले ४, सुमारे ७० हजार बाइट. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी ६४ बाइटांची ओळ उचलतो आणि त्यात तुमचे सोळा आकडे मावतात. इथे त्यातला एकच वापरून बाकीचे पंधरा वाया जातील आणि हे प्रत्येक दिवशी घडेल. तेव्हा इथे प्रत करणे योग्यच आहे, फक्त ती आपण समजून-उमजून, एकदाच आणि दिवस हा निर्देशांक सर्वांत जलद होईल अशी करावी.

यासाठी माझी सूचना अशी. सबरूटीनला संपूर्ण देश एकदम देऊ नका आणि एकेक बिंदूही देऊ नका. एका अक्षांशाची पट्टी द्या. त्यात १३५ बिंदूंचे ४३,८३० दिवस, म्हणजे सुमारे ५९ लाख आकडे येतात. ते चार बाइटांत २४ एमबी आणि आठ बाइटांत ४७ एमबी होतात. या आकाराची प्रत, प्रकारांतर, मांडणी बदलणे, काहीही करा, त्याचा भार जाणवणार नाही. सीमा एकूण १२९ वेळा ओलांडली जाईल, जे नगण्य आहे.

पट्टीचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. फोरट्रान चालू असताना कंट्रोल-सी दाबले तरी पायथन ते ऐकू शकत नाही. हाक परत आल्यावरच तो संकेत हाताळला जातो. सगळे काम एका हाकेत कोंबले तर प्रगती दिसत नाही, थांबवता येत नाही आणि मध्येच वीज गेली तर सगळे पाण्यात. पट्टीगणिक उत्तर फायलीत लिहीत गेलात तर जिथे थांबले तिथून पुढे सुरू करता येईल.

मृद्गंध

पट्टीची कल्पना पटली. प्रत्यक्षात बांधणी करताना दोन अडचणी आल्या, त्यांतली एक सुटली आहे.

सुटलेली अशी: जालावरच्या बहुतेक जुन्या सूचना पायथन ३.१२ वर चालत नाहीत, कारण त्या आवृत्तीतून डिस्टयूटिल्स हे बांधणीचे जुने साधन काढून टाकले आहे आणि एफटूपाय आता मेसॉन हे दुसरे साधन वापरते. मेसॉन आणि त्याला लागणारे निन्जा बसवल्यावर बांधणी झाली. इतर कोणी अडले असेल तर म्हणून नोंदवतो.

न सुटलेली अशी: सबरूटीन एका बिंदूची असल्याने तिच्याभोवती १३५ बिंदूंवर फिरणारी छोटी फोरट्रान सबरूटीन लिहिली आणि ती पायथनमधून बोलावतो. पट्टीतील पहिल्या बिंदूचे उत्तर जुन्या कार्यक्रमाशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळते. दुसऱ्या बिंदूपासून मात्र जुळत नाही. फरक सुरुवातीच्या महिन्यांत मोठा आहे आणि पुढे कमी होत जातो. मांडणी उलटसुलट झाली आहे का, हे तपासले. पाऊस योग्य बिंदूचाच जात आहे.

तळटीप

फरक सुरुवातीला मोठा आणि पुढे विरत जाणारा आहे, हे लक्षण बोलके आहे. मांडणीचा घोळ असता तर सगळी मालिकाच विसंगत दिसली असती. इथे पाऊस बरोबर आहे, पण मातीचा आरंभीचा ओलावा चुकीचा आहे.

एक साधी चाचणी करा. तोच बिंदू, तीच मालिका, लागोपाठ दोनदा द्या. दोन उत्तरे वेगळी आली तर सबरूटीनच्या पोटात मागच्या हाकेची काहीतरी आठवण शिल्लक राहते, हे सिद्ध होईल.

तसे असेल तर घोषणांच्या ओळी पाहा. ओलाव्याचे चल जिथे जाहीर केले आहे तिथेच त्याला आरंभीची किंमत दिलेली आहे का?

मृद्गंध

चाचणीत दोन उत्तरे वेगळी आली. आणि होय, घोषणेच्याच ओळीत ओलाव्याला आरंभीची किंमत बहाल केलेली आहे. त्यात वावगे काय?

तळटीप

सीच्या सवयीच्या माणसाला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण सीमध्ये स्थानिक चलाला अशी दिलेली किंमत प्रत्येक हाकेला नव्याने मिळते. फोरट्रानमध्ये घोषणेतच किंमत दिली की त्या चलाला सेव्ह हा गुणधर्म आपोआप लागतो. किंमत एकदाच, कार्यक्रम सुरू होताना मिळते आणि त्यानंतर चल आपली शेवटची किंमत जपून ठेवते. म्हणून तुमच्या पहिल्या बिंदूची १२० वर्षे संपताना जो ओलावा उरला, तो घेऊनच दुसरा बिंदू सुरू झाला. मातीची आठवण काही महिन्यांत पुसली जाते, त्यामुळे फरक पुढे विरला.

मूळ कार्यक्रम एका केंद्रासाठी एकदा चालवला जात असणार आणि दुसऱ्या केंद्रासाठी तो नव्याने सुरू होत असणार. म्हणजे हा दोष इतकी वर्षे तिथे होता, पण त्याला दिसण्याची संधीच मिळाली नव्हती. दुसऱ्या भाषेतून बोलावताना कोडचे आयुष्य बदलते: जे एकदा चालून मरत होते, ते आता एकाच प्रक्रियेत हजारो वेळा बोलावले जाते. कॉमन ब्लॉक (सबरूटीनांची सामायिक चले), डेटा विधाने (चलांना आरंभीच्या किमती देणाऱ्या ओळी), एकदाच उघडायची म्हणून उघडी ठेवलेली फाइल, या सगळ्यांकडे त्या नजरेने पाहावे लागते.

उपाय सोपा आहे. घोषणेत केवळ प्रकार ठेवा आणि किंमत खालच्या पहिल्या कार्यकारी ओळीत द्या. सबरूटीनमध्ये कुठे स्टॉप लिहिलेले असेल तर तेही काढा आणि त्याऐवजी त्रुटीचा क्रमांक परत करा. फोरट्रानचा स्टॉप केवळ सबरूटीन थांबवत नाही, तो सोबत पायथनची संपूर्ण प्रक्रिया घेऊन जातो आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये कर्नल (मागे चालणारी पायथनची प्रक्रिया) मेला एवढाच संदेश दिसतो.

रेवा

हे वाचून नंबाच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडावासा वाटतो, पण मोह आवरते.

गणकचूडामणी

कम्पायल करतानाच्या पर्यायांबद्दल एक इशारा देणे आवश्यक वाटते. वेगाच्या हव्यासापोटी फास्ट-मॅथ हा दशांश गणिताचे नियम सैल करणारा पर्याय लावण्याची पद्धत आहे. समुद्रावरच्या आणि देशाबाहेरच्या बिंदूंसाठी या माहितीत उणे ९९९ हा आकडा असतो आणि बरेच लोक वाचतानाच त्याचे नॅन ('संख्या नाही' अशी खूण) करतात. फास्ट-मॅथ लावल्यावर कम्पायलर नॅन येणारच नाही असे गृहीत धरतो आणि आपण लिहिलेली नॅनची तपासणी सरळ काढून टाकू शकतो.

एवढ्यावर थांबत नाही. जीसीसी या कम्पायलर-संचाच्या तेराव्या आवृत्तीपूर्वी फास्ट-मॅथ लावून जोडलेली शेअर्ड लायब्ररी लोड होताच प्रोसेसरचा अतिसूक्ष्म संख्या शून्य मानण्याचा पर्याय सुरू करत असे. हा बदल केवळ त्या लायब्ररीपुरता नसून ती लोड करणाऱ्या थ्रेडला (प्रक्रियेच्या आत चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) आणि त्यापुढे जन्मणाऱ्या थ्रेडना लागू होतो. म्हणजे तुम्ही फक्त मॉड्यूल इम्पोर्ट केले, त्यातले एकही फंक्शन बोलावले नाही, तरी नमपायची उत्तरे बदलू शकत. दोन भाषा एकाच प्रक्रियेत नांदतात तेव्हा एकीचे पर्याय दुसरीला भोवतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. वेगासाठी ओ-टू किंवा ओ-थ्री हा पर्याय पुरेसा आहे.

विकासाच्या काळात अ‍ॅरेच्या मर्यादा-तपासणीचा पर्याय जरूर लावा. तपासणीत चूक सापडली तरीही प्रक्रिया थांबतेच, पण निदान कोणत्या ओळीवर ते कळते. मात्र तो संदेश नोटबुकमध्ये न दिसता ज्या टर्मिनलवरून ज्युपिटर सुरू केले तिथे छापला जातो.

पैलतीर

मी आर आणि ज्युलिया या दोन्ही भाषा वापरतो, म्हणून थोडी भर.

ज्युलियात सीकॉल ही दुसऱ्या भाषेतील फंक्शन बोलावण्याची सोय भाषेतच असल्याने मधले मॉड्यूल बांधावे लागत नाही. लायब्ररीचे नाव, फंक्शनचे नाव आणि प्रकार दिले की थेट हाक जाते. तिचे अ‍ॅरेही फोरट्रानप्रमाणेच पहिला निर्देशांक जलद ठेवतात, त्यामुळे कोकणकडा यांनी वर्णिलेला अर्धा त्रास मुळातच नसतो.

आरची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. फोरट्रानला अक्षरमाला दिली की तिची लांबी कम्पायलर एका अदृश्य आर्ग्युमेंटमधून, यादीच्या शेवटी पाठवतो. लॅपॅकच्या अनेक रूटीनांना एक-अक्षरी पर्याय द्यावे लागतात आणि सीमधून लॅपॅकला बोलावणारे असंख्य कार्यक्रम ही छुपी लांबी देतच नव्हते. लांबी नेहमी एकच असल्याने वर्षानुवर्षे काही बिघडले नाही. २०१९ च्या सुमारास जीफोरट्रानच्या (जीसीसीतील फोरट्रान कम्पायलरच्या) नव्या आवृत्तीत शेवटच्या हाकेचे इष्टतमीकरण असे झाले की त्या छुप्या आर्ग्युमेंटची जागा प्रत्यक्ष वापरली जाऊ लागली आणि बोलावणाऱ्याच्या स्टॅकवरील (हाकांच्या तात्पुरत्या मेमरीतील) भलताच मजकूर पुसला जाऊ लागला. आरच्या चमूला याचा माग काढावा लागला. अखेर जीफोरट्रानने सुसंगतीसाठी वेगळी सोय केली आणि आरनेही आपल्या हाकांत छुपी लांबी देण्याची व्यवस्था केली. तेव्हा फोरट्रानच्या सीमेवर अक्षरमाला पाठवणे शक्यतो टाळावे आणि पर्यायासाठी पूर्णांक पाठवावा.

मृद्गंध

घोषणेतील किंमत खाली आणल्यावर सर्व बिंदूंची उत्तरे जुन्या कार्यक्रमाशी जुळली. ओलाव्याचे चल आत डबल प्रिसिजनच ठेवले आहे, पण पाऊस आणि उत्तर दोन्ही चार बाइटांत घेतो, त्यामुळे प्रतही होत नाही. समुद्रावरच्या बिंदूंसाठी उणे ९९९ तसाच आत जातो आणि सबरूटीन त्यांना पहिल्याच आकड्यावरून ओळखून सोडून देते. एका रात्रीत न संपणारे काम आता चहा होईपर्यंत आटोपते.

आता ते समांतर करण्याचा विचार आहे. एफटूपायमध्ये थ्रेडसेफ असे लिहिले की हाकेच्या काळात पायथनचे जीआयएल हे एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारे कुलूप सोडले जाते, असे वाचले. मग आठ थ्रेड आठ पट्ट्यांवर सोडावेत का?

कोकणकडा

थ्रेडसेफ लिहिल्याने सबरूटीन थ्रेडसाठी सुरक्षित होत नाही. ती सुरक्षित आहे अशी तुम्ही हमी देता, इतकेच. सेव्ह झालेले एकही चल किंवा कॉमन ब्लॉक उरला असेल तर आठ थ्रेड त्यावर एकाच वेळी लिहितील. याखेरीज जीफोरट्रान ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे स्थानिक अ‍ॅरे स्टॅकऐवजी स्थिर मेमरीत ठेवतो, जे घोषणेत दिसतही नाही. ते टाळण्यासाठी फ्रिकर्सिव्ह हा पर्याय द्यावा लागतो.

तुमच्या कामात पट्ट्यांचा एकमेकींशी संबंध नाही आणि प्रत्येक पट्टीला भरपूर गणित आहे. अशा वेळी थ्रेडऐवजी स्वतंत्र प्रक्रिया सोप्या पडतात. प्रत्येकीची स्थिर मेमरी स्वतःची असते, त्यामुळे वरचा प्रश्नच उद्भवत नाही. पावसाचा अ‍ॅरे मात्र प्रक्रियेला पाठवू नका. तो एका फायलीत ठेवून प्रत्येक प्रक्रियेला मेमरी-मॅपने (फाइल मेमरीसारखी वापरण्याच्या सोयीने) उघडू द्या आणि फक्त पट्टीचा क्रमांक पाठवा. पुढेमागे त्याच प्रक्रियांत नमपायचे मॅट्रिक्स-गणित आले तर थ्रेडची संख्या ठरवणारे ओएमपी-नम-थ्रेड्स हे सेटिंग एकवर आणून ठेवा, नाहीतर आठ प्रक्रिया प्रत्येकी आठ थ्रेड काढतील आणि चौसष्ट जण आठ गाभ्यांसाठी भांडतील.

मृद्गंध

स्वतंत्र प्रक्रियाच वापरतो. एक शेवटचा प्रश्न: तयार झालेले मॉड्यूल विभागातल्या दुसऱ्या संगणकावर नुसते उचलून ठेवले तर चालेल का? तिथे कम्पायलर नाही आणि पायथनची आवृत्तीही वेगळी आहे.

तळटीप

एफटूपायचे मॉड्यूल चालणार नाही, कारण ते ज्या पायथन आवृत्तीसाठी बांधले तिच्याशी जखडलेले असते. ३.१२ साठी बांधलेले ३.११ वर इम्पोर्ट होत नाही. बाइंड-सी लावून केलेल्या साध्या शेअर्ड लायब्ररीला पायथनची ओळखच नसते, म्हणून ती सीटाइप्समधून कोणत्याही आवृत्तीवर उघडते. प्रोसेसरचा प्रकार आणि कार्यप्रणाली मात्र तीच हवी आणि जीफोरट्रानची रनटाइम लायब्ररी तिथे असायला हवी, किंवा जोडताना ती स्थिर पद्धतीने आत घ्यायला हवी. कम्पायल करताना मार्च-नेटिव्ह हा त्याच यंत्राच्या प्रोसेसरसाठी कोड बेतणारा पर्याय दिला असेल तर तोही काढा. जुन्या प्रोसेसरवर तो न समजणाऱ्या सूचना पाठवतो आणि कार्यक्रम पहिल्याच पट्टीवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडतो.